देताना एकटा, मोजताना कुटुंब

कामावर असताना अपंग झालेल्या माणसाच्या बायकोमुलांना सरकारने त्यांच्या स्वतःच्या नावाने काही द्यावं का, असं विचारलं की उत्तर तयार असतं. कामगार न्यायालयातले वकील, कारखान्यांचे एचआर मॅनेजर, एवढंच काय, नात्यातली चार समजूतदार माणसंही तेच म्हणतात: ‘त्याला मिळतंय ना? घर त्यातच चालवायचं. उद्या तो गेला तर बायकोला मिळेलच.’ हे मत नुसतं चहाच्या टपरीवरचं नाही. १९२३ पासून आपल्या कायद्याचा सांगाडाच त्यावर उभा आहे. मला ते चुकीचं वाटतं. पण ते मूर्खपणाचं नाही, म्हणून आधी ते पुऱ्या ताकदीनिशी मांडतो.

या पक्षाचं म्हणणं असं. कामगाराची मजुरी आधीही सगळ्या घराचीच होती. भरपाई मजुरीच्या जागी येते, तेव्हा तीही सगळ्या घराचीच झाली. मजुरी ठरवताना मालक बायकोमुलं मोजत नाही, मग मजुरीच्या जागी आलेल्या रकमेत ती का मोजावीत? दोन कामगारांची वर्गणी सारखीच, त्यातला एक सडाफटिंग आणि दुसरा तीन लेकरांचा बाप. दुसऱ्याच्या घरी जास्त गेलं तर पहिल्यावर अन्याय होतो. शिवाय घरच्यांचीही रक्कम जोडली, तर एकूण आकडा पगाराला जाऊन भिडेल आणि माणूस पुन्हा कामाचं नाव काढणार नाही. राहिली शुश्रूषा. नवऱ्याची सेवा बायको करतेच. तिचा दर लावायचा म्हणजे घराची खानावळ करायची.

यातला पहिला मुद्दा सगळ्यांत भक्कम आहे, आणि बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत. म्हणून त्याच्याशीच आधी भिडायला हवं, तेही कायद्याच्याच आकड्यांनी.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पण त्याचं मूळ सूत्र संहितेनेही जसंच्या तसं ठेवलं. कामगार अपघातात गेला, तर मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. कायमचा आणि पूर्ण अपंग झाला, तर ६० टक्के गुणिले तोच गुणक. हिशेबासाठी वेतन १५,००० रुपये धरू. जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून तीच कमाल मर्यादा होती. माणूस तीस वर्षांचा असेल तर गुणक २०७.९८. तो गेला तर घरच्यांना १५,५९,८५० रुपये. तो जगला आणि कायमचा अंथरुणाला खिळला तर १८,७१,८२०. फरक ३,११,९७० रुपये.

हा फरक कशासाठी आहे? तो गेल्यावर घरच्यांना जेवढं लागतं तेवढं पहिल्या आकड्यात आलंच, असं कायदाच मानतो. म्हणजे वरचे तीन लाख बारा हजार हे त्या जिवंत माणसाचे: त्याचं जेवण, औषधं, डायपर, व्हीलचेअर, फिजिओथेरपी, आणि त्याच्याजवळ दिवसरात्र थांबणारं माणूस. तो आणखी तीस वर्षं जगला, तर मुद्दल वाटून महिन्याला ८६७ रुपये पडतात. बँकेत सात टक्क्यांनी ठेवून नुसतं व्याज खाल्लं, तर अठराशेच्या आसपास. ‘मजुरीच्या जागी मजुरी आली’ हे म्हणणं इथेच कोसळतं. आलेली रक्कम मजुरीच्या सहा दशांश आहे, आणि खर्च मजुरीच्या दिवसांपेक्षा वाढलेला आहे.

यावर एक जाणता आक्षेप येतो. ५० आणि ६० हे आकडे जागतिक आहेत, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६४ च्या १२१ क्रमांकाच्या करारात तेच आहेत, मग आपल्यालाच दोष का? आकडे तिथे आहेत हे खरं. पण तिथे ते किमान पातळी म्हणून आहेत, आणि साठ टक्क्यांच्या ओळीत ‘प्रमाण लाभार्थी’ म्हणून एकटा पुरुष धरलेला नाही. पुरुष, त्याची पत्नी आणि दोन मुलं असं कुटुंब धरलं आहे. त्यावर सोळाव्या कलमात वेगळं सांगितलं आहे की ज्याला सतत दुसऱ्याच्या मदतीची गरज आहे, त्याला जादा रक्कम द्यायलाच हवी. भारताने या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. तेव्हा करारातले आपल्या सोयीचे दोन आकडे दाखवायचे आणि सोळावं कलम झाकून ठेवायचं, ही वकिली झाली.

कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, चित्र बरं आहे असं सांगितलं जातं. काही बाबतींत ते आहेही. कामगार हयात असताना घरच्यांना औषधोपचार मिळतात. अपघातामुळे नोकरी सुटली, तरी वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला निवृत्तीच्या वयापर्यंत दवाखाना सुरू राहतो. कायम पूर्ण अपंगत्व असेल तर वेतनाच्या ९० टक्के दराने दरमहा पैसे येतात. हे कमी नाही.

आता अवलंबितांच्या लाभाचं कोष्टक शेजारी ठेवा. कामावरच्या इजेमुळे कामगार मेला, तर तोच ९० टक्क्यांचा पूर्ण दर वाटला जातो: विधवेला तीन पंचमांश, प्रत्येक मुलाला दोन पंचमांश, आणि बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर प्रमाणात कपात. दरमहा साडेतेरा हजार आणि घरात दोन मुलं धरा. तो गेला तर त्यात तीन माणसं. तो खाटेवर असला तर त्याच साडेतेरा हजारांत चार माणसं, आणि त्यांतल्या एकाचा खर्च बाकी तिघांपेक्षा जास्त. त्यातही आणखी एक खोच आहे. हा अवलंबितांचा लाभ मिळायला मृत्यू कामावरच्या इजेमुळेच व्हावा लागतो. वीस वर्षं अंथरुणावर काढून माणूस हृदयविकाराने गेला आणि इजेशी त्याचा संबंध डॉक्टरांनी जोडला नाही, तर त्याचं मासिक थांबतं आणि वीस वर्षं त्याचं सगळं केलेल्या बाईला विम्यातून पुढे काही नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत विधवेला काही मिळेल, पण २०१४ पासून तिथली किमान रक्कम १,००० रुपये आहे.

म्हणजे आपला कायदा कुटुंब ओळखतो, पण ते तेराव्यानंतर.

आता त्या खाटेजवळ जरा जाऊ. भोसरीतल्या एखाद्या शेडचे पत्रे बदलताना माणूस वीस फुटांवरून खाली येतो, मणक्याला मार बसतो आणि कमरेखालचं अंग जातं असं धरा. दवाखान्यातून सोडताना नर्स जे शिकवते ते त्याला नाही, त्याच्या बायकोला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर बेडसोअर होतात. सुरुवातीला नुसता लाल डाग दिसतो, दाबला तरी पांढरा न होणारा. तो दिसला की त्या बाजूला झोपवायचं नाही. लघवीची पिशवी कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही. लघवी गढूळ झाली, वास आला, थंडी वाजली की त्याच दिवशी डॉक्टर. शौचाची वेळ ठरवून पोट साफ करून घ्यायचं. पाय बधिर, तेव्हा गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही. भाजलेलं त्याला कळणार नाही. रात्री बाराला, दोनला, चारला गजर. ही बाई अपघाताआधी एखाद्या कंपनीत पॅकिंगला जात असेल किंवा चार घरच्या पोळ्या करत असेल. आता ती जाऊ शकत नाही. त्या पत्र्यावरून एकाच वेळी दोन पगार खाली आले, आणि कायदा त्यांतला एकच मोजतो.

‘ती घरातच तर असते’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. ते इतकं जुनं आहे की त्याचा निकालही लागून गेला. ब्रिटनमध्ये १९७६ पासून अपंग आप्ताची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, पण नवऱ्यासोबत राहणाऱ्या विवाहितेला तो नव्हता. कारण हेच, ती एरवीही घरीच असणार. जॅकलिन ड्रेक या बाईने अपंग आईसाठी नोकरी सोडली होती. तिने दावा लावला आणि १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. आपल्याकडेही न्यायालयांनी गृहिणीच्या श्रमाला किंमत आहे हे स्वच्छ सांगितलं आहे. २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघातात गेलेल्या गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरणं हे तिच्या श्रमाचा मान राखणं आहे, असं मांडलं. थोडक्यात, ती स्वतः गाडीखाली गेली तर तिच्या कामाला पैसा आहे. ती जिवंत राहून तेच काम दुप्पट करू लागली तर शून्य.

मोटार अपघाताच्या दाव्यांत तर न्यायालयं आणखी पुढे गेली आहेत. २०२० च्या काजल विरुद्ध जगदीशचंद या निकालात बारा वर्षांच्या मुलीसाठी दोन मदतनिसांचा खर्च महिन्याला प्रत्येकी ५,००० रुपये धरून, गुणक लावून २१,६०,००० रुपये केवळ शुश्रूषेसाठी दिले गेले. कामगाराला कारखान्याच्या वाटेवर कोणाच्या ट्रकने उडवलं आणि त्याने मोटार दावा लावला, तर मदतनिसाचा हिशेब होतो. कारखान्याच्या फाटकाच्या आत तेच शरीर तसंच मोडलं, तर होत नाही. याचं समर्थन असं करतात की कामगार कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, म्हणून रक्कम मर्यादित. सौदा मान्य करू. पण हा सौदा कामगार आणि मालक यांच्यातला होता. त्यात बायकोचे श्रम कोणी, कधी, कोणत्या कलमाने मालकाच्या पारड्यात टाकले?

आणि सरकारला हा खर्च कळत नाही असंही नाही. शंभर टक्के अपंग होऊन सेवेतून बाहेर पडलेल्या आणि पूर्णपणे दुसऱ्यावर विसंबून असलेल्या स्वतःच्या कर्मचाऱ्याला केंद्र सरकार ‘सतत सोबतीचा’ वेगळा भत्ता देतं. सातव्या वेतन आयोगाने तो ४,५०० वरून ६,७५० रुपये केला. सरकारी चाकरीतल्या माणसाची कूस बदलायला माणूस लागतं आणि भोसरीतल्या माणसाची आपोआप बदलते, असं तर कोणी म्हणणार नाही.

सारखी वर्गणी, सारखा लाभ हा मुद्दा ऐकायला न्याय्य आहे. मात्र सामाजिक विमा त्या तत्त्वावर कधीच चालला नाही. ईएसआयची वर्गणी २०१९ पासून मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का, लग्न झालेलं असो वा नसो. तरी चार मुलांच्या बापाच्या घरात सहा जणांना दवाखाना मिळतो आणि एकट्या माणसाला एकट्याचा. अवलंबित नसलेला कामगार मेला तर अवलंबितांचा लाभ कोणालाच जात नाही. त्याबद्दल आजवर कुणा अविवाहिताने मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. विम्यात धोका ज्याच्या घरात मोठा, त्याच्या घरात पैसा जास्त जातो. खासगी पॉलिसी आणि कामगार विमा यांतला फरकच तो.

‘पैसे मिळाले की माणूस कामावर जात नाही’ हा आक्षेप अमेरिकेतून आलेला आहे, आणि तिथे त्याची तपासणीही झाली आहे. अमेरिकेने १९५६ मध्ये अपंग कामगारांचा विमा सुरू केला तेव्हा पैसे फक्त कामगाराला होते. दोनच वर्षांत, १९५८ मध्ये, बायको आणि मुलांना त्यांच्या स्वतःच्या हक्काने रक्कम जोडली गेली. आज अपंग कामगाराच्या अठरा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळतं. पत्नीलाही मिळतं, ती बासष्टची असेल किंवा सोळा वर्षांखालचं मूल सांभाळत असेल तर. (नवऱ्याला सांभाळते म्हणून मिळत नाही. तेव्हा अमेरिकेचा कायदाही मी डोक्यावर घेऊन नाचणार नाही.) १९८० मध्ये ‘घरात पगारापेक्षा जास्त जातंय’ या ओरडीने एकूण कुटुंबाच्या रकमेवर टोपण बसवलं: मूळ रकमेच्या दीडपटीच्या वर नाही, आणि अनेकांना त्याहून कमी. त्याच वर्षी डोनल्ड पार्सन्स या अर्थशास्त्रज्ञाने, पुरुष कामातून बाहेर पडतात त्याला हा विमा कारण आहे, असा निबंध लिहिला. १९८९ मध्ये जॉन बाउंडने त्याची साधी, पण मर्मावर बोट ठेवणारी परीक्षा घेतली. ज्यांचे अर्ज फेटाळले गेले, ज्यांना छदामही मिळाला नाही, ते तरी कामावर परत गेले का? निम्म्याहून कमी गेले. फेटाळलेले म्हणजे मंजूर झालेल्यांपेक्षा धडधाकट. तेच जर परतत नसतील, तर मंजूर झालेल्यांना पैशाने आळशी केलं असा आरोप बराचसा गळून पडतो. पूर्ण गळतो असं मी म्हणत नाही. नंतरच्या अभ्यासांत काही लोकांवर परिणाम दिसला आहे, विशेषतः ज्यांचं अपंगत्व काठावरचं आहे अशांवर. पण आपण इथे मणका तुटलेल्या माणसाबद्दल बोलतो आहोत. त्याला कामावर पाठवण्यासाठी त्याच्या मुलांच्या दुधात काटकसर करणं हा कोणता उपाय?

शुश्रूषेला पैसे लावले की प्रेम आटतं, या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. विधवेला तिच्या नावाने ईएसआयचा लाभ मिळतो, म्हणून तिचं नवऱ्यावरचं प्रेम कमी होतं असं कोणी म्हटलेलं नाही. केरळ सरकार ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून काळजी घेणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देतं. तमिळनाडूतही असा भत्ता आहे. तिथली घरं खानावळी झाली नाहीत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या चोविसाव्या कलमात तर जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा शब्दशः उल्लेख आहे. संसदेने तो लिहिला तेव्हा कुटुंबव्यवस्था धोक्यात आली नव्हती.

आणि आता ती जागा, जिथे हे सगळं मत आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतं. देताना कुटुंब नको, हा माणसाचा वैयक्तिक हक्क, असं म्हणणारी व्यवस्था नाकारताना मात्र कुटुंबच पुढे करते. ज्याला ना ईएसआय होता ना फंड, असा ठेकेदाराकडचा माणूस शेवटी संजय गांधी निराधार योजनेकडे येतो. दिव्यांगांसाठीची रक्कम महाराष्ट्राने २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार केली, हे चांगलंच झालं. पण अट काय? दिव्यांगाच्या बाबतीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत. महिन्याला ४,१६७ रुपये. बायकोने शेजारणीला दुपारी नवऱ्याजवळ बसवून तीन घरची धुणीभांडी धरली, की ती बहुधा या रेषेच्या पलीकडे जाते, आणि नवऱ्याचे अडीच हजार धोक्यात येतात. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशातली गत. मग सेतू केंद्रासमोरच्या रांगेत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभं राहिल्यावर मागून कोणीतरी हळूच सांगतं, ‘धुणीभांडी सांगू नको.’ ती सांगत नाही. या खोटेपणाला आपण लाभार्थींची लबाडी म्हणतो.

पूर्वपक्षाने इथे एकदा ठरवावं. अपंग माणूस एकटी व्यक्ती असेल, तर त्याच्या बायकोचं उत्पन्न त्याच्या आड येता कामा नये. तो कुटुंबाचा भाग असेल, तर कुटुंबाची ओढाताण भरपाईत यायला हवी. आजची व्यवस्था दोन्ही बाजूंनी कापते आणि दोन्ही वेळा पैसे वाचवते.

बोगस प्रमाणपत्रांचा प्रश्न खरा आहे, वर्तमानपत्रं वाचणाऱ्या कोणालाही तो ठाऊक आहे. पण ती भानगड अपंगत्व ठरवण्याच्या पायरीवरची आहे, बायकोला द्यावं की नाही या पायरीवरची नव्हे. मेडिकल बोर्डाने ज्याला शंभर टक्के लिहिलं आहे, त्याच्या घरी शुश्रूषा कोण करतं हे ठरवायला गुप्तहेर लागत नाही.

मग करायचं काय? कायदा बोटांकडून माणसाकडे येऊ शकतो, हे आपण पाहिलेलं आहे. १९२३ च्या कायद्याची अनुसूची अवयवांची दरपत्रिका आहे: आख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, अंगठा ३०, चारही बोटं ५०. प्रतापनारायण सिंह देव यांच्या १९७६ साली छापून आलेल्या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. दरपत्रिकेत त्याला शंभर टक्के नव्हते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. दरपत्रिका बाजूला ठेवून न्यायालयाने त्याच्या धंद्याकडे पाहिलं. मी मागतो आहे ती त्यापुढची पायरी: धंद्यावरून त्याच्या घराकडे.

त्यासाठी कायम पूर्ण अपंगत्वात, सतत मदत लागणाऱ्याला वेतनाच्या ठरावीक टक्क्याने सोबतीचा भत्ता हवा, आणि तो प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याच्या खात्यात जायला हवा. सांभाळणारा मुलगा असेल तर मुलाच्या, बहीण असेल तर बहिणीच्या. कायम पूर्ण अपंग कामगार पुढे कोणत्याही कारणाने गेला, तरी त्याच्या मासिकाचा काही भाग जोडीदाराला आयुष्यभर राहायला हवा. या दोन गोष्टींना संहितेत दुरुस्ती लागेल, आणि वर्गणीचा दर थोडा हलवावा लागेल. ते फुकट होईल असं मी कोणाला भासवत नाही. तिसरी गोष्ट मात्र तशी नाही. निराधार योजनेच्या उत्पन्नातून सांभाळणाऱ्या व्यक्तीची कमाई वगळायला संसद नको, विधिमंडळही नको. मंत्रालयातून निघालेला एक शासन निर्णय पुरतो, आणि सेतू केंद्राच्या अर्जात एक रकाना.